अक्काचं उलटं स्वस्तिक

देवळाचं दार ठेंगणं का असतं, हे मला बांधकाम खात्यात ओव्हरसिअर झाल्यावर कळलं असं नाही. ते आधीच कळत होतं, नोकरीने फक्त खात्री पटली. दार ठेंगणं ठेवलं की आत शिरणाऱ्याची मान वाकते, आणि मान वाकली की त्याला वाटतं आपण नमस्कार केला. आत खिडकी नाही, एक समई, धुराने काळं पडलेलं छत. बाहेरच्या उन्हातून आलेल्या माणसाला घटकाभर काही दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याची भीती वाटतेच. वरून घंटा बडवली की काम फत्ते. अरे भल्या माणसांनो, ही करामत देवाची नाही, गवंड्याची आहे, आणि अव्वल आहे, असं मी आयुष्यभर सांगत आलो. आमच्या घरात ते कोणी कानावर घेतलं नाही.

अशा माणसाला देवळं हिंडवायला अक्काने निवडलं, याचं तेव्हा सगळ्यांनाच हसू आलं होतं.

अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला तिनेच वाढवलं, त्यामुळे तिच्यापुढे माझं शहाणपण कधी चाललं नाही. तिचं सासर धरणगावजवळच्या खेड्यात, घरी कापसाची शेती. नवरा वारलेला, एकुलता एक मुलगा. त्या मुलाचा जीव शेतात नव्हता, चाकांत होता. जिनिंगच्या लॉरीवर तो गाडी चालवायला शिकला आणि लढाई सुरू झाल्यावर लष्करात ड्रायव्हर म्हणून भरती झाला. सुरुवातीला पत्रं आली. मग त्याची तुकडी समुद्रापलीकडे गेली. सिंगापूर पडल्याची बातमी धुळ्याच्या बाजारात आली आणि त्यानंतर त्याचं काही कळलं नाही. गेला म्हणून कळलं नाही, कैदेत आहे म्हणूनही कळलं नाही. मी अर्ज केले, साहेबांच्या चिठ्ठ्या घेऊन पुण्याला जाऊन आलो, लष्करी कचेऱ्यांच्या बाकांवर बसून आलो. सगळीकडे एकच उत्तर मिळालं, तपास चालू आहे.

असा बराच काळ गेल्यावर एके दिवशी अक्का गाठोडं घेऊन धुळ्याला माझ्या दारात उभी राहिली.

"भाऊ," ती म्हणाली, "तू इतला शिकेल, सरकारमा तुनी वळख शे, तरी मना पोऱ्याना पत्ता नही लागना. आते माले देवले इचारू दे."

तिच्याशी बोलताना माझीही जीभ आपोआप गावाकडे वळायची. "इचार ना," मी म्हटलं. "पन मी कसाले?"

"माले गाडीमा कोन बसाडी?"

मी रजेचा अर्ज टाकला.

पहिलं पद्मालय. एरंडोलपर्यंत सर्व्हिस मोटार होती, कोळशाच्या गॅसवर चालणारी, कारण पेट्रोल सगळं लढाईला जात होतं. चढ आला की ड्रायव्हर उतारूंना खाली उतरवायचा आणि पुरुषांनी मागून रेटायचं. एरंडोलहून पुढे बैलगाडी. रानातून वर चढलं की एकदम तळं दिसतं, पानांनी आणि कमळांनी भरलेलं, आणि त्याच्या काठाला काळ्या दगडाचं देऊळ. जागा निवडणारा माणूस मोठा चतुर असला पाहिजे. दिवसभर धूळ खाल्लेल्या माणसाला आधी पाणी दाखवायचं आणि मग देव दाखवायचा, म्हणजे तो देवाला नाही म्हणणार नाही. आत एका आसनावर दोन गणपती, एकाची सोंड डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे. मी म्हटलं, ही सोय बरी आहे, एकाने नकार दिला तर दुसऱ्याकडे अपील करता येतं. अक्काने माझ्याकडे असं पाहिलं की मी लहानपणी गुळाच्या मडक्यात हात घातला होता ती वेळ आठवली.

मी छत पाहत राहिलो. चुन्याचा एक कण न लावता नुसत्या दगडावर दगड पुढे सरकवत घुमट मिटवत नेलेला, आणि शेवटी मधोमध एकच दगड बसवलेला. तो एक काढला तर सगळं खाली येईल. त्याला इतकी वर्षं कोणी हात लावला नाही, यालाच मी चमत्कार म्हणायला तयार होतो. इकडे अक्का देवळाच्या मागच्या भिंतीकडे गेली होती. आमच्याकडच्या बायकांची ती एक रीत आहे. नवस बोलताना ओल्या कुंकवाने देवळाच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढायचं, आणि काम झालं की परत येऊन त्याच देवळात सुलटं काढायचं. उलटं दिसलं की देवाने समजायचं, हिचं काम बाकी आहे. सुलटं दिसलं की समजायचं, हिचं झालं. रीत मला ठाऊक होती. अशा खुणांनी चांगल्या घडीव दगडाचा सत्यानाश होतो, एवढंच माझं त्यावर मत होतं. अक्का हात पुसत परत आली आणि म्हणाली, "सांगी दिधं." तिचा चेहरा हलका झाला होता. मला ते पाहून बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा थोडा रागही आला.

परतताना गाडीवानाने फरकांड्याचे झुलते मनोरे दाखवले. पडकी मशीद, दोन उंच मनोरे. एकावर चढून तो हलवला की दुसरा आपोआप डोलतो, अशी ख्याती. मी म्हटलं, थापा. मी स्वतः वर चढलो, कठड्याला धरून जोर लावला, आणि समोरचा मनोरा खरंच हलला. मी पुन्हा जोर लावला, तो पुन्हा हलला. पाया एक असेल, मधली कमान धक्का पोचवत असेल, विटा कशात तरी बसवल्या असतील, असं मी खाली येईपर्यंत मनाशी जुळवत होतो, आणि जुळत काही नव्हतं. खाली अक्का पदर डोक्यावर घेऊन मशिदीकडे हात जोडून उभी होती. इथे ती कुंकू लावायला गेली नाही, ही त्यांची रीत नव्हे हे तिला समजत होतं. "हाईबी त्यानंच घर शे," ती म्हणाली. "सांगाले काय जास?" मला वाटलं, खरंच, सांगायला काय जातं.

पुढचं देऊळ माझ्याच हद्दीत निघालं. रजेतही साक्रीकडच्या रस्त्याची पाहणी माझ्याच गळ्यात आली होती, म्हणून तिला टांग्यातून बळसाण्याला नेलं. तिथली देवळं म्हणजे अर्धी उभी आणि अर्धी जमिनीवर. शेतकरी देवळाचे खांब उचलून नेऊन गोठ्याला लावतात, आणि पुन्हा त्याच गोठ्यातला बैल घेऊन पोळ्याला त्याच देवाच्या पाया पडायला येतात. जे एक देऊळ धड राहिलं आहे त्याच्या खांबांवर बोटभर जागा मोकळी सोडलेली नाही. नाचणाऱ्या बाया, मृदंग वाजवणारे, तोंड वासलेली कीर्तिमुखं. पार वर, छताच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, जिथे कोणाची नजर जाणार नाही तिथेही एका बाईच्या पायातला तोडा पूर्ण कोरलेला होता. मी कंदील वर करून पाहत राहिलो. आमच्या खात्यात जे दिसणार नाही त्याला गिलावासुद्धा करत नाहीत. हा कोण वेडा, ज्याने हे केलं? देवासाठी केलं म्हणाल तर देवाला कंदील लागतो का? मला त्या पाथरवटाचा हेवा वाटला. काम कशासाठी करायचं, याची त्याला शंका नव्हती.

बळसाण्याचं देऊळ महादेवाचं. मी चिडवलं, "अक्का, उलटं काढाले गनपती पाहिजे ना?"

"त्याना पोऱ्याच शे ना तो? पोऱ्याले सांगं ते बापलेबी समजस," ती म्हणाली आणि मागच्या भिंतीकडे गेली.

शेवटी चांगदेव. त्या देवळाबद्दल तिने लहानपणापासून ऐकलं होतं. तापी आणि पूर्णा मिळतात तिथे, काठावर, एवढं थोरलं देऊळ की आजूबाजूची वस्ती त्याच्या अंगणात मावावी. भुसावळपर्यंत आगगाडी, तिथून मोटार, मग गाडी. गाडीवाटेला केळीच्या बागा होत्या. उन्हाळा लागला होता तरी बागांमधून गार झुळूक यायची आणि अक्का दर वेळी म्हणायची, "चांगलं वाटस." प्रवासाने ती खंगली होती. अंगात कणकण होती, पण ती सांगत नव्हती.

देऊळ पाहून मी गप्प झालो, हे मला कबूल करायला हवं. चौथरा उंच, भिंती अशा की एक बाजू संपते न संपते तोच दुसरा कोन पुढे येतो, कोनाला कोन, त्याला पुन्हा कोन, आणि प्रत्येक कोनावर सावली वेगळी. डोळा एका जागी ठरतच नाही. आणि एवढं सगळं करून वरचं शिखरच नाही. लोक सांगतात, एका रात्रीत बांधायचं ठरलं होतं, कोंबडा आरवला आणि तसंच राहिलं. आमच्याकडे एका रात्रीत टेंडरसुद्धा उघडत नाहीत. पण हसायचं म्हटलं तरी त्या अपुऱ्या देवळापुढे हसू येईना. एवढे हात राबले, एवढा दगड नदीकाठी आला, आणि ज्यांनी हे सुरू केलं त्यांना ते पुरं झालेलं दिसलं नाही. का थांबलं असेल? पैसा आटला, राजा पडला, की रोगराई आली? आत वटवाघळांचा वास होता. गाभाऱ्याच्या दाराची चौकट एकात एक अशा नक्षीच्या पट्ट्यांनी भरलेली, आणि उंबऱ्याचा दगड पावलांनी गुळगुळीत झालेला. मी उंबरा ओलांडताना खाली वाकलो. दार ठेंगणं होतं म्हणून वाकलो.

बाहेर आलो तेव्हा अक्का मागच्या भिंतीशी बसून होती. शेजारी रावेरकडची एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन उभी होती. हे मूल व्हावं म्हणून तिने पूर्वी इथे नवस बोलला होता, आता तो फेडायला आली होती. तिने आपलं जुनं उलटं स्वस्तिक शोधून त्याच्याशेजारी सुलटं काढलं, मुलाचं बोट धरून मधल्या चौकांत ठिपके दिले, आणि मग तिची नजर अक्काच्या ओल्या खुणेकडे गेली. ती मनापासून हसली.

"तुमचंबी काम झालं काय वं माय?"

"नही व बाई," अक्का म्हणाली. "मना पोऱ्या अजून येवाना शे. लढाईमा जायेल शे."

बाई गोंधळली. "मग सुलटं काहून काढलं?"

अक्काने भिंतीकडे पाहिलं, मग बाईच्या खुणेकडे, मग पुन्हा आपल्या खुणेकडे. मीही तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिलं. इतक्या देवळांत मी छत पाहिलं होतं, चौकटी पाहिल्या होत्या, अक्काने भिंतीवर काय काढलं ते कधी पाहिलं नव्हतं. मागाहून तिनेच सांगितलं, गावातलं कोणी तरी तिला म्हणालं होतं, उलटं काढायचं. उलटं म्हणजे डोकं खाली, पाय वर, असं तिने धरलं. म्हणून ती डाव्या हाताने, खालून सुरुवात करून, वर चढत जायची. पण स्वस्तिकाला डोकं नाही आणि पायही नाहीत. कागदावर काढा आणि कागद पूर्ण फिरवून डोक्यावर उभा करा, ते जसंच्या तसं दिसतं. उलटं करायचं तर टोकं दुसऱ्या अंगाला वळवावी लागतात, आरशात दिसतात तशी. अक्काने ती वळवली नव्हती. तिने खालून काढलेलं प्रत्येक स्वस्तिक सुलटंच होतं.

"भाऊ," अक्का म्हणाली. नकाशे, रेषा, कोन या बाबतीत तिचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता, देवाच्या बाबतीत अजिबात नव्हता. "तू सांग. हाई सुलटं शे का उलटं?"

उलटं म्हणून टाकावं असं क्षणभर वाटलं. पण मी बोलायला जरा उशीर केला आणि तेवढ्यावरून तिला कळलं.

"आनि पद्मालयले?"

मी तिची खूण पुन्हा एकदा न्याहाळली.

"बळसानाले?"

"अक्का, तू जसं काढस तसंच व्हई ना," मी म्हटलं.

ती भिंतीला टेकली. बाई घाबरून म्हणाली, "अवं माय, मी उगीच बोलली." अक्काने मान हलवली, तिचा दोष नाही अशा अर्थाने. मग ती जे बोलली ते मी आजही विसरू शकत नाही.

"म्हंजे मी बठ्ठा देवस्ले सांगी बसनू, पोऱ्या उना म्हनीसन. त्यास्ले वाटनं व्हई, हिना पोऱ्या घर उना. मंग त्या कसाले धुंडतीन?" मुलगा आला, असंच ती सगळ्या देवांना सांगून बसली होती; मग ते त्याला शोधतील कशाला?

देव आहे की नाही, हा वाद मी बाजारात, कचेरीत, लग्नाच्या पंगतीत कुठेही घालू शकत होतो. त्या भिंतीशी मला एक वाक्य सुचेना. देव नाहीच, मग फसणार कोण, असं म्हणू? ज्या बाईला तो शोधतो आहे एवढाच आधार उरला होता तिला? शेवटी मी ते बोललो जे माझ्या तोंडात कधी नव्हतं.

"अक्का, देवले मनमधलं समजस. खूण कशीबी राहो."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, कीव आल्यासारखं.

"तू नको सांगू, भाऊ. तुना इस्वास नही. तुले काय माहीत, देवले काय समजस ते?"

खरंच होतं. हेच वाक्य एखाद्या पुजाऱ्याने सांगितलं असतं तर तिने पदराने डोळे पुसून मानलं असतं. माझ्या तोंडून ते निकामी झालं.

रावेरच्या बाईने तिच्या हाताला हात लावून नवं स्वस्तिक काढून घेतलं, या वेळी टोकं नीट फिरवून. अक्काने आधीचं पुसायला पदर ओला करून चोळला. तो सच्छिद्र दगड कुंकू सोडेना. खूण गेली पण लाल डाग राहिला. ती चोळत राहिली, तेव्हा मी हात धरून तिला थांबवलं.

भुसावळला येईपर्यंत तिला थंडी भरून आली. धुळ्याला माझ्या घरी आणलं तोवर ताप चढला होता. हिवताप होता. कोयनेल मिळत नव्हतं, तेही लढाईला जात होतं. डॉक्टर काढे देत होते. बायको कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवायची, मी उशाशी बसायचो. तापात अक्का मुलाचं नाव घेत नसे, देवळांची घेत असे. शुद्धीवर आली की मला म्हणायची, "तू जाय भाऊ. पुसी टाक. त्याले सांग." मी म्हणायचो, तू बरी हो, मिळून जाऊ. ती म्हणायची, "तठलोंग तो काय थांबी?" तोपर्यंत तो काय थांबणार आहे, हा तिचा प्रश्न होता, आणि तो देवाबद्दल होता की मुलाबद्दल, मी विचारलं नाही.

मी गेलो. सरकारी नोकर, देवाधर्माची टिंगल करणारा माणूस, हातात ओलं फडकं आणि कुंकवाची डबी. बळसाण्याला कोणी नव्हतं. देवळाच्या मागच्या बाजूला अक्काची खूण मला सापडली, खालच्या टोकाला कुंकवाचा जाड ठिपका होता, कारण तिचं बोट तिथे आधी टेकलं होतं. मी ती पुसली आणि शेजारी उलटं काढलं, कोन काटकोनात, चारही हात सारखे. इतकं नेटकं स्वस्तिक त्या भिंतीवर दुसरं नव्हतं. माझं मलाच हसू आलं आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथून एरंडोल गाठून पद्मालयाला गेलो.

तिथली भिंत खुणांनी भरलेली होती. त्यात उलटी किती होती! काही नुकती काढलेली, काही उन्हापावसाने तांबूस पुसट झालेली, ज्यांची सुलटी करायला कोणी परत आलंच नव्हतं. अक्काबरोबर आलो तेव्हा मी हे पाहिलं नव्हतं. मी खाली बसून जाड ठिपक्याचं स्वस्तिक शोधलं आणि फडकं लावलं, तोच पुजारी धावत आला.

"अहो भाऊ, काय करता? फिटलेला नवस पुसू नये."

"फिटलेला नाही. माझ्या बहिणीने चुकून सुलटं काढलं. तिला उलटं काढायचं होतं."

मी डबी उघडली. त्याने माझा हात अडवला. म्हातारा होता, चिडका नव्हता. "तुम्ही काढून काय उपयोग? ज्याचा नवस त्याचा हात लागतो. तुमचा आहे का नवस?"

"नाही."

म्हणजे बळसाण्याचंही वाया गेलं होतं. मी विचारलं, "ती आजारी आहे, येऊ शकत नाही. मग काय करायचं?"

पुजाऱ्याने विचार केला. अशा चुकीला त्याच्याकडे रीत नव्हती हे दिसत होतं. "तर मग तुम्ही तिचा निरोप सांगा," तो म्हणाला. "आत जा, आणि तोंडाने सांगा देवाला."

मी म्हणू शकलो असतो की बरं, आणि तसाच निघून जाऊ शकलो असतो. घरी जाऊन सांगितलं म्हटलं असतं तर कोणी तपासायला आलं नसतं. पण मी आत गेलो. दुपार होती, दोनचार माणसं होती, ती नमस्कार करून बाजूला झाली. समोर दोन गणपती, शेंदराने लाल, रुप्याचे डोळे. कोणाकडे पाहून बोलावं हे कळेना. घुमटाकडे पाहायची मला सवय होती, तिकडे नजर गेली आणि मी ती खाली आणली. मग आमच्या भाषेत, जी मी कचेरीत कधी बोलत नाही, मी म्हटलं, "पोऱ्या अजून उना नही. अक्काना पोऱ्या. चुकीसन सांगायनं. तो उना नही."

मागे कोणी तरी घंटा वाजवली, माझ्यासाठी नव्हे, त्याच्या स्वतःच्या दर्शनासाठी. मी बाहेर आलो आणि तळ्यावर जाऊन फडकं धुतलं.

घरी पोचलो तेव्हा अक्काचा ताप उतरला होता आणि ती भिंतीला टेकून बसली होती. बायको चुलीपाशी होती. अक्काने मला आत येतानाच विचारलं, "सांगं का?"

"सांगं."

"काय सांगं?"

तिला प्रत्येक शब्द हवा होता. खोटं सांगायचं कारण नव्हतं, तिनेच धाडलं होतं. मी चपला काढल्या, तिच्याजवळ बसलो आणि म्हटलं, "पोऱ्या उना नही, असं सांगं."

त्याचं पत्र थांबल्यापासून आमच्या घरात हे वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं. मी म्हणायचो तपास चालू आहे. बायको म्हणायची येईल हो. शेजारी म्हणायचे आज ना उद्या. अक्का स्वतः नुसतं "येई" म्हणायची. आता ते देवापुढे बोललं गेलं होतं, आणि माझ्या तोंडून, ज्याच्यावर तिचा रेषा आणि मापांच्या बाबतीत पूर्ण विश्वास होता.

मग तिने स्वतःच ते एकदा म्हणून पाहिलं, हळू, "पोऱ्या उना नही." आणि जी बाई इतक्या दिवसांत एकदाही रडली नव्हती ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्याने रडू लागली. बायको धावत आली आणि दारातच थांबली. मी अक्काच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिलो.